आंबोली: मुक्काम केल्याशिवाय न कळणारा घाटमाथा

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून आंबोली रस्त्याने साठेक किलोमीटरवर. मे महिन्यात बंदरावर सदरा अंगाला चिकटलेला असतो आणि त्याच संध्याकाळी माथ्यावर शाल हवीशी वाटते. मध्ये प्रवास असतो दोन तासांचा. समुद्र आणि थंड हवा इतक्या जवळ असलेल्या जागा महाराष्ट्रात थोड्याच. तरीही सिंधुदुर्गात आलेले बहुतेक पाहुणे आंबोली बघतात ती घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली, तासाभरासाठी. भिजायचे, भाजलेले कणीस खायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. आंबोली पाहिली, असे ते घरी जाऊन सांगतात.

त्यांनी धबधबा पाहिला, हे खरे. आंबोली मात्र राहून जाते, कारण या गावाजवळ जे सगळ्यात मोलाचे आहे ते संध्याकाळी पाचनंतर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत आटोपते. समुद्रकाठी चार दिवस काढायला आलेल्यांनी त्यातली एक रात्र या माथ्याला द्यावी.

मुक्काम हा या गावाचा जुना धर्मच आहे. वेंगुर्ले हे जुने नांदते बंदर. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली, १८१२ मध्ये बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे दक्षिणेतल्या आणि मध्य हिंदुस्थानातल्या इंग्रजी छावण्यांना लागणारा माल इथे उतरून बैलगाड्यांनी बेळगावकडे जाऊ लागला. दक्षिणेकडचा रामघाट गाड्यांना फार खडा पडायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीवरून आंबोलीला चढणारा वळणावळणाचा रस्ता झाला आणि माथ्यावर बैल सोडायची, माणसे टेकायची जागा तयार झाली. सावंतवाडी संस्थानातले इंग्रज पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी १८८० च्या सुमारास या जागेला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले, असे सांगितले जाते. त्याच दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदराला रेल्वे मिळाली, घाटावरचा माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आंबोली त्यामुळे महाबळेश्वरसारखी फुगली नाही. आजही बाजारपेठ म्हणावी ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना काही अंतरापुरती; तिच्यामागे लगेच रान लागते.

उंचीच्या बाबतीत आंबोलीने फार मिरवावे असे नाही. समुद्रसपाटीपासून ६९० मीटर, म्हणजे माथेरानपेक्षाही कमी, महाबळेश्वरच्या जेमतेम निम्मी. हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्या हिशेबाने बंदर आणि माथा यांत साडेचार अंशांचा फरक पडायला हवा. अंगाला जाणवतो तो त्याहून जास्त. त्याचे कारण दाट झाडी, कड्यावरून सतत वर येणारा वारा आणि धुके. अरबी समुद्रावरून आलेल्या ओल्या वाऱ्याला किनारा ओलांडल्यावर फार लांब जावे लागत नाही. पुढ्यात सह्याद्रीची उभी भिंत येते. वारा एकदम वर ढकलला जातो, निवतो आणि अंगातले पाणी तिथेच सोडून देतो. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस! पडलेले सगळे पाणी जागच्या जागी साठले तर दोन मजली घर बुडेल. गावात मात्र पाऊस अजून इंचात मोजतात आणि हंगामाच्या शेवटी ‘तीनशे झाला की नाही’ याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. इथून पूर्वेला आजरा, गडहिंग्लजकडे निघाले की हाच पाऊस गावागणिक उतरत जातो. थोड्या तासांच्या प्रवासात भाताची खाचरे मागे पडतात आणि कोरडवाहू शिवारे लागतात.

त्यामुळे बेत आखताना पहिला प्रश्न महिन्याचा. जुलै आणि ऑगस्ट हे धबधब्याचे महिने, आणि गर्दीचेही. या दोन महिन्यांतल्या शनिवार-रविवारी घाटात वाहनांच्या रांगा लागतात, त्या दिवशी इथे न आलेलेच बरे. ज्यांना पाऊसच अनुभवायचा आहे त्यांनी मंगळवार-बुधवार गाठावा. ज्यांना प्राणी बघायचे आहेत त्यांच्यासाठी जूनचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस मंदावतो, सड्यांवर रानफुले येतात, मधूनच ऊनही पडते. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हाच काळ निवडावा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि स्वच्छ असते, माथ्यावरून कोकणची पट्टी दूरवर दिसते आणि पहाटे चांगलाच गारठा पडतो. एप्रिल-मे करवंदे, जांभळे आणि फणसाचे दिवस. किनाऱ्यावरच्या उकाड्यातून सुटका हवी असेल तर तेव्हाही एक रात्र वर काढावी.

दुसरा प्रश्न निघण्याच्या वेळेचा. वेंगुर्ल्याहून सकाळचे माशांचे जेवण लवकर उरकून बाराच्या सुमारास निघणे उत्तम. सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर सावंतवाडी लागते. रेल्वेने येणाऱ्यांना सावंतवाडी रोड हे स्थानक जवळचे, विमानाने येणाऱ्यांना चिपी किंवा गोव्यातले मोपा. सावंतवाडीच्या बसस्थानकातून आंबोलीमार्गे वर जाणाऱ्या एसटी गाड्या मिळतात आणि स्वतःचे वाहन नसले तरी हा प्रवास सुखाने होतो. पेट्रोल आणि रोख पैसे यांची सोय मात्र सावंतवाडीतच करून घ्यावी. माथ्यावर वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि ऐन पावसात दोन्ही एकदम जातात.

सावंतवाडी सोडली की रस्ता माडा-सुपारीच्या बागांतून जातो. दाणोलीला साटम महाराजांची समाधी आहे. घाट चढण्याआधी तिथे हात जोडायला थांबणारे अनेक असतात. तिथून पुढे चढ सुरू. कुशीतले पारपोली हे गाव फुलपाखरांसाठी नावारूपाला आले आहे. पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी व्हाळाच्या काठाला ओल्या मातीवर थव्याने बसलेली फुलपाखरे बघायला अभ्यासक तिथे येतात.

घाटाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पावसाळ्यात दुपारी चारनंतर धुके कधी उतरेल याचा नेम नसतो. उतरले की गाडीच्या नाकापुढचा रस्ता दिसत नाही. दरडीही येतात. म्हणून तीनच्या आत माथा गाठावा, मोठ्या धबधब्यापाशी गाडी वळणावर उभी करू नये आणि दिवे लावूनच चालवावी. हाच घाट आता संकेश्वर-बांदा महामार्गाचा भाग आहे, त्यामुळे मोठ्या मालवाहू गाड्याही समोरून येतात.

मुक्कामाला राज्य पर्यटन महामंडळाचे निवास आहे, खासगी हॉटेले आहेत आणि गावात, तसेच जवळच्या चौकुळ आणि गेळे या गावांत घरगुती सोयही होते. शक्य असेल तर घरगुती सोय निवडावी. जेवणात घावणे किंवा तांदळाची भाकरी, काजूची उसळ, कुळथाची पिठी, वर सोलकढी असे साधे ताट मिळते. शिवाय घरातल्या माणसांकडून रानाची ताजी बातमी कळते: गवे कुठल्या बाजूला उतरलेत, कुठल्या व्हाळाला पाणी जास्त आहे, आज बेडूक कुठे ओरडतात.

सामान टाकले की संध्याकाळी कड्याकडे निघावे. गेळे गावच्या हद्दीतला कावळेसाद हा कडा सर्वांत प्रसिद्ध आहे. इथे दरीतून येणारा वारा एवढा जोरकस असतो की कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी उलटे फिरून तुषारांच्या रूपाने पुन्हा माथ्यावर येते. पावसाळ्यात बघणाऱ्याच्या अंगावर वरून पाऊस आणि खालून धबधबा, असे दोन्हीकडून पाणी येते. कठडे बांधलेले आहेत ते ओलांडण्यासाठी नव्हेत. शेवाळलेल्या कातळावर पाय सरकायला एक क्षण पुरतो आणि खाली दरी सरळसोट आहे. या कड्यावर माणसांचे जीव गेले आहेत. गर्दी नको असेल तर गावापासून जवळचा महादेवगड बरा. नावाचा गड, प्रत्यक्षात आता थोडे अवशेष. पण आभाळ उघडे असेल त्या दिवशी इथून कोकण उलगडत जाते आणि पश्चिमेला समुद्राची रेघ ओळखता येते. ज्या किनाऱ्यावरून दुपारी निघालो तोच हा.

आणि मग अंधार पडतो. आंबोलीचा खरा कार्यक्रम तेव्हा सुरू होतो.

गावाभोवती जांभ्या दगडाचे सपाट सडे पसरले आहेत. उन्हाळ्यात ते काळे, करपलेले, निरुपयोगी दिसतात आणि ‘पडीक जमीन’ या शिक्क्यावर कुणीही त्यांचा सौदा करायला तयार होते. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की याच कातळावरच्या वीतभर खळग्यांत पाणी साचते आणि त्या चिमुकल्या डबक्यांभोवती एक बेडूक गोळा होतो. शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगेरिना, रूढ नाव आंबोली टोड. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. २००९ मध्ये शास्त्राला नव्याने त्याची ओळख झाली. या परिसराच्या छोट्याशा टापूत तो सापडतो आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याची सगळी वीण त्या उथळ पाण्यावर अवलंबून. पावसाने आठवडाभर दडी मारली तर डबके आटते आणि अंडी-पिल्ले जागीच वाळतात. त्यावरून एक गाडी गेली, सड्यावर मुरुमाचा एक ट्रक रिकामा झाला, तरी त्या जागेपुरता हंगाम संपला.

आंबोलीचे नाव धारण करणारा हा एकटा जीव नाही. आंबोली बुश फ्रॉग म्हणून ओळखला जाणारा झुडपातला इवला बेडूक आहे, त्याला विणीसाठी साचलेल्या पाण्याची गरजच नाही. त्याच्या अंड्यातून शेपटीचे पिल्लू न येता थेट बेडूकच बाहेर येतो. निमॅस्पिस आंबोलिएन्सिस ही पाल आहे. २००३ मध्ये इथल्याच मातीतून देवगांडुळाची एक नवी जात उजेडात आली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनिएल यांच्या नावावरून तिचे नाव ठेवले गेले. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखे, पण कुळाने बेडकांचे भाऊबंद. महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावे जशी पाठ असतात तशी ही नावे आंबोलीच्या पाहुण्यांना पाठ असायला हवीत, असे या गावाकडे बघताना वाटत राहते.

रात्री दिसणाऱ्यांतला सर्वांत देखणा मात्र मलबारी उडता बेडूक. हिरवागार, पायाच्या बोटांमध्ये तांबडे-नारिंगी पडदे. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे झेप घेताना हे पडदे ताणून तो हवेत तरंगत जातो. विणीच्या काळात पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसतात, ती त्याची घरटी. पिल्ले तयार झाली की फेस ओघळतो आणि ती थेट खालच्या पाण्यात पडतात. विहिरीच्या कठड्याजवळ, टाकीशेजारच्या झुडपावर, अगदी अंगणातल्या जास्वंदीवरही हा सोहळा चालू असतो. त्याच झुडपांत मलबारी चापडा हा विषारी साप वेटोळे घालून बसलेला असतो. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा निरनिराळ्या रंगांत. तो आपणहून अंगावर येत नाही, पण हात कुठे टेकतो याकडे लक्ष हवे.

म्हणून रात्रीचा फेरफटका स्थानिक जाणकाराबरोबरच मारावा. मलबार नेचर कॉन्झर्वेशन क्लबसारख्या गावातल्याच संस्थेने अशी माणसे घडवली आहेत, ज्यांना नुसत्या आवाजावरून बेडकाची जात सांगता येते. गुडघ्याखाली येणारे रबरी बूट, हातात साधी बॅटरी, अंगात रेनकोट एवढे पुरे; छत्री वाऱ्यात टिकत नाही. जळवा लागतात, त्यांना मीठ किंवा तंबाखूची पूड. पिल्लांच्या डबक्यात पाय पडू द्यायचा नाही, प्राण्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी फांदी वाकवायची नाही आणि डोळ्यांवर सतत प्रकाश धरायचा नाही. एवढे पाळले तर दोन तासांत जे दिसते ते शहरातल्या माणसाने आयुष्यात पाहिलेले नसते. परतीला रस्त्यावर गवे आडवे आले तर गाडी थांबवून त्यांना जाऊ द्यावे, हॉर्न वाजवू नये.

सकाळी लवकर उठून जायचे ते हिरण्यकेशीला. गावापासून पाचेक किलोमीटरवर, रानातल्या फरसबंद वाटेने चालत गेल्यावर देऊळ दिसते. देवळामागच्या गुहेतून पाण्याचा झरा बाहेर येतो, समोरच्या कुंडात पडतो आणि हिरण्यकेशी नदी म्हणून चालू लागतो. समुद्र इथून इतका जवळ, पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लजच्या शेतांना भिजवत ती कर्नाटकात शिरते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा शेवटी बंगालच्या उपसागराला. आंबोलीच्या एका उतारावर पडलेला थेंब तास-दोन तासांत कोकणाकडे धावतो आणि दुसऱ्या उतारावरचा अख्खे दख्खन ओलांडतो.

या कुंडातल्या स्वच्छ पाण्यात २०२० मध्ये एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली: शिस्टुरा हिरण्यकेशी. सोनेरी झाक असलेला हा मासा डॉ. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी जगासमोर आणला. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, देवळाच्या परिसरातली २.११ हेक्टर जागा राज्य सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाच-सव्वापाच एकरांचा हा तुकडा राखला गेला यात देवळाचा वाटा मोठा आहे. देवाचे पाणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथे कुणी गळ टाकला नाही, झाड तोडले नाही. कायदा आला तो लोकांनी आधीच राखलेल्या गोष्टीला. आज कुंडात साबण लावून उतरणारे, निर्माल्याबरोबर प्लास्टिक सोडणारे पाहुणे दिसतात तेव्हा गावकरी त्यांना हटकतात, आणि त्यांनी हटकलेच पाहिजे.

हिरण्यकेशीहून परतल्यावर हाताशी वेळ असेल तर बेळगावच्या रस्त्यावर दहाएक किलोमीटरवर असलेला नांगरतास धबधबा बघून यावा. घळ इतकी अरुंद की पाणी पडताना दिसण्याआधी कानांना कळते. पावसात वीसेक मिनिटे तिथे पुरतात.

त्यापेक्षा अधिक वेळ चौकुळला द्यावा. सैनिकांचे गाव अशी त्याची ओळख आहे. घराघरांतून माणसे लष्करात गेली. विस्तीर्ण सडे, खाचरे, मध्ये विखुरलेली घरे असे हे गाव चालत फिरण्याजोगे आहे. पण त्याला आणि आंबोली, गेळे या शेजाऱ्यांना एक जुना प्रश्न चिकटलेला आहे. इथली बरीचशी जमीन ‘कबुलायतदार गावकर’ या संस्थानकाळापासूनच्या सामायिक पद्धतीने गावकऱ्यांच्या वहिवाटीत होती. पुढे सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना स्वतःच्या जमिनीवर कर्ज काढणे, वाटणी करणे अवघड होऊन बसले. तिच्या वाटपासाठी गावांनी वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे, बैठका केल्या. धबधब्यापाशी थांबून उतरणाऱ्या पाहुण्याला यातले काही कळण्याचा संभव नाही. चौकुळच्या एखाद्या खळ्यात सकाळी चहा घेताना विषय आपोआप निघतो, आणि पर्यटनाची मोठमोठी आश्वासने याच गावांना जमिनीचा निकाल लागण्याआधी का दिली जातात, असा प्रश्न घरमालक पाहुण्यालाच विचारतो.

उतरताना वाट तीच, पण घाई नसावी. अकरापर्यंत माथा सोडला तर धुके बहुधा वर उचललेले असते आणि घाटातून दरी नीट दिसते. सावंतवाडीला मोती तलावाकाठी गाडी लावून चितारआळीत जावे; रंगीत लाकडी फळे आणि खेळणी बनवणारी दुकाने तिथे अजून आहेत. तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते हाताने रंगवले जाताना बघायला मिळतात. ही कला विझत आली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात नव्याने उभी केली. दशावताराची गोल पाने, लाखेचा लेप, एकेका पानावर तासन्‌तास चालणारा कुंचला: अर्धा तास तिथे सहज जातो. मग पुढे वेंगुर्ल्याकडे जायचे की रेल्वे गाठायची ते ज्याचे त्याने ठरवावे. रेल्वे गाठायची असेल तर शहरातून स्थानकापर्यंत रिक्षाने बरेच अंतर आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.